माहेरवाशीण

इंदुरात राहणाऱ्या माणसाने समुद्राविषयी लिहावे, हे कोणाला वाळवंटातल्या माणसाने होडीविषयी बोलण्यासारखे वाटेल. आमच्या घराण्याच्या चार पिढ्या होळकरांच्या या नगरीत गेल्या. माळव्याची काळी माती, सराफ्यातली रात्र, सकाळचे पोहे आणि पावसाळ्यातला भुट्ट्याचा कीस हे आमचे जग. समुद्र आमच्या घरी वर्षातून एकदाच येतो, तोही नारळी पौर्णिमेला, नारळीभाताच्या रूपाने. कोळी बांधव त्या दिवशी दर्याला नारळ अर्पण करतात, हे आईने लहानपणी सांगितले होते. पण दर्या म्हणजे काय, हे तिनेही पाहिलेले नव्हते. मी स्वतः समुद्र प्रथम पाहिला तो वयाच्या सव्विसाव्या वर्षी, लग्नानंतर मुंबईस गेलो तेव्हा. भरतीच्या वेळी पाण्यात पाय बुडवून दोघे घाबरत घाबरत मागे सरलो, एवढीच त्याची आठवण.

तरीही गेल्या पावसाळ्यात एका समुद्री माशाने माझी झोप घालवली, आणि त्याहूनही अधिक, माझ्याच शाळेतल्या एका मुलाने. ती हकीकत येथे सांगावीशी वाटते.

मी एका सरकारी शाळेचा मुख्याध्यापक आहे. जुलैचा शनिवार होता. सकाळपासून पाऊस धरलेला, मैदानाचे तळे झालेले, खेळाचा तास होण्याची आशा नाही. तेव्हा विज्ञान शिकवणाऱ्या आमच्या तरुण बाई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "सर, नववीच्या दोन्ही तुकड्या एकत्र बसवते. एक माहितीपट दाखवायचा आहे." मी संमती दिली, आणि करण्यासारखे विशेष काही नव्हते म्हणून स्वतःही मागच्या बाकावर जाऊन बसलो.

तो माहितीपट होता माइक पांडे यांचा 'शोअर्स ऑफ सायलेन्स'. सन २००० मधला. माइक पांडे हे नाव दूरदर्शनवरील 'अर्थ मॅटर्स' या मालिकेमुळे पुष्कळांना आठवत असेल. आम्हा मध्य प्रदेशकरांना त्यांची आणखी एक ओळख आहे. सरगुजातल्या रानहत्तींवरचा त्यांचा चित्रपट १९९४ साली 'ग्रीन ऑस्कर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पारितोषिकाचा मानकरी ठरला, आणि त्या वेळी सरगुजा आपल्याच राज्यात होते. 'शोअर्स ऑफ सायलेन्स'लाही पुढे तेच पारितोषिक मिळाले.

या चित्रपटाचा विषय आहे व्हेल शार्क. नावात व्हेल असले तरी हा देवमाशासारखा सस्तन प्राणी नव्हे, अस्सल मासाच, आणि पृथ्वीवरच्या सर्व माशांत सर्वांत मोठा. चाळीस फुटांपर्यंतचे व्हेल शार्क पुष्कळ आढळतात, क्वचित त्याहूनही मोठे. करड्या पाठीवर पांढरे ठिपके असे की, कोणी रांगोळीचे ठिपके काढून रेषा जोडायच्या विसरले असावे. एवढे अवाढव्य धूड, पण स्वभावाने गाय. तोंड उघडून संथपणे पोहत राहायचे आणि पाण्यातले सूक्ष्म जीव, माशांची अंडी, बारीक मासळी गाळून घ्यायची, एवढाच त्याचा आहार. माणसाला त्याच्यापासून काडीचे भय नाही.

आणि हाच जीव सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर, वेरावळच्या आसपास, शेकड्यांनी मारला जात होता. लहान होड्यांतून माणसे जात, लोखंडी आकडा त्याच्या अंगात रुतवीत आणि आकड्याला रिकामी पिंपे बांधून सोडीत. ती पिंपे ओढून ओढून तो दमे, मग त्याला किनाऱ्याला आणून कापीत. म्हणून त्या भागात त्या माशाचे नावच 'बॅरल' पडले होते. पूर्वी त्याच्या यकृताचे तेल लाकडी होड्यांना चोपडण्यासाठी वापरीत. पुढे त्याच्या मांसाला परदेशात, विशेषतः तैवानमध्ये, गिऱ्हाईक मिळाले आणि शिकारीचा व्यापार झाला.

पडद्यावर ते दृश्य आले तेव्हा वर्गात एकदम शांतता पसरली. आमच्या शाळेतली मुले शांत बसवण्यासाठी मला एरव्ही बराच घसा कोरडा करावा लागतो. पाण्याचा रंग पालटलेला पाहून पुढच्या बाकावरच्या दोन मुलींनी ओढणी डोळ्यांवर घेतली. बाई मधूनमधून चित्र थांबवून हिंदीतून समजावून सांगत होत्या. शेवटी त्यांनी सांगितले की हा चित्रपट पाहून देशात खळबळ उडाली, आणि २८ मे २००१ रोजी व्हेल शार्कला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. वाघाला जे संरक्षण, तेच आता या माशाला. ते मिळवणारा तो देशातला पहिला मासा. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

टाळ्या थांबल्यावर मागच्या बाजूने एक हात वर झाला. मुलगा अबोल, अभ्यासात बेताचा. त्याचे नाव येथे लिहीत नाही.

"सर, फिर उन लोगों का क्या हुआ?"

"किन लोगों का?"

"जो मारते थे. उनका तो काम बंद हो गया ना?"

काही मुले हसली. रक्त पाहून हळहळण्याच्या घटकेला याने मारणाऱ्यांची विचारपूस करावी, हे त्यांना विचित्र वाटले असावे. खरे सांगायचे तर मलाही वाटले. शिवाय मला उत्तर ठाऊक नव्हते. तीस वर्षे खडू हातात धरलेल्या माणसाला "मला ठाऊक नाही" एवढे तीन शब्द किती जड जातात, ते शिक्षकच जाणतात. मी म्हणालो, "बेटा, वह सब सरकार देखती है." आणि शिपायाला घंटा देण्याची खूण केली. वेळ व्हायला अजून सात-आठ मिनिटे होती.

घरी आलो तर सौभाग्यवती स्वयंपाकघरात भुटे किसत बसली होती. बोलता बोलता मी तिला माशाची सगळी हकीकत सांगितली, मुलाचा प्रश्नही सांगितला. ती किसणी खाली ठेवून म्हणाली, "अहो, मग तुम्ही त्याला उत्तर दिलंच नाहीत की!"

"सरकार बघतं म्हणालो ना."

"ते उत्तर झालं होय?" ती म्हणाली आणि पुन्हा किसू लागली.

त्या रात्री पाऊस पत्र्यावर वाजत होता आणि मला एक जुनी बाटली आठवत होती. लहानपणी मी फार किरकोळ प्रकृतीचा होतो. थंडी पडली की आई रोज सकाळी एका टॉनिकचा चमचा माझ्या तोंडात घाली. चॉकलेटी रंग, वर गोड आणि खाली अशी काही उग्र चव की नाक दाबून गिळावे लागे. मोठेपणी एकदा त्याच औषधाच्या बाटलीवरचा मजकूर वाचला तेव्हा कळले की ती चव शार्कच्या यकृताच्या तेलाची. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेहून येणारे कॉड माशाचे तेल बंद झाले, तेव्हा आपल्या देशाच्या किनाऱ्यांवर शार्कचे तेल काढण्यास जोर आला. जीवनसत्त्व 'अ' त्यात विपुल. ते तेल पुढे बाटल्यांतून घरोघर गेले. आमचे घर कट्टर शाकाहारी, अंड्याचे टरफलही दारात पडलेले चालत नसे. पण औषधाला पातक नाही, या एका वाक्यावर माळव्याच्या पठारावरच्या ब्राह्मणाच्या पोराने समुद्रातल्या शार्कचा वाटा निमूटपणे घेतला होता. मारणारे ते आणि हळहळणारे आम्ही, अशी वाटणी मी सकाळी किती सहज करून टाकली होती!

सोमवारी तो मुलगा शाळेत आला नाही. मंगळवारीही नाही. मी कार्यालयात जाऊन दाखलखारीज रजिस्टर काढले. वडिलांचा व्यवसाय या रकान्यात लिहिले होते 'मजदूरी'. त्याच्याच पूर्वीच्या शाळेचा दाखला खाली टाचलेला होता. गाव बडवानी जिल्ह्यातले, नर्मदेच्या काठचे. त्या दाखल्यात वडिलांचा व्यवसाय होता 'मछुआ'.

एका कागदापासून दुसऱ्या कागदापर्यंत जे घडले ते समजण्यास फार मोठी कल्पनाशक्ती लागत नव्हती. २०१९ साली सरदार सरोवर प्रथमच पूर्ण १३८.६८ मीटरपर्यंत भरले आणि फुगवट्याचे पाणी निमाडात दूरवर चढले. वाहती नदी जाऊन तिच्या जागी स्थिर जलाशय आला. आपल्या राज्याने २०११ साली महाशीर माशाला राज्यमत्स्य म्हणून गौरवले, पण महाशीर हा वाहत्या, खळखळत्या पाण्यातला मासा. तो अंडी घालतो तीही अशाच पाण्यात. नर्मदेवर एकामागून एक धरणे झाली आणि तो दिसेनासा झाला. वेरावळचे लोक मासे मारत होते म्हणून मासा संपत होता. येथे मासा संपला आणि त्याबरोबर मासेमारही. मासा गेल्यावर कोळी कुठे जातो, या प्रश्नाचे उत्तर मला वेरावळात शोधण्याची गरजच नव्हती. तो इंदुरात येतो, हातगाडी ओढतो, आणि त्याचा मुलगा माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसतो.

त्या आठवड्यात मी रोज शाळा सुटल्यावर बाईंना बरोबर घेऊन वाचत बसलो. मुलाच्या प्रश्नाला निदान निम्मे तरी खरे उत्तर द्यायचे, असे मनाशी ठरवले होते. जे हाती लागले ते वाचकांसमोर ठेवतो, कारण चित्रपट जेथे संपतो तेथून पुढची ही कथा मला अधिक मोलाची वाटली.

कायदा झाला. शिकार करणाऱ्यास तीन ते सात वर्षे कैद. २००२ साली भारत व फिलिपीन्स यांच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय व्यापारावरही नियंत्रण आले. पण समुद्रावर पहारा ठेवणार कोण? किनारा शेकडो मैलांचा, आणि होड्या हजारो. कित्येक कोळ्यांना असा कायदा झाल्याचेही ठाऊक नव्हते. तेव्हा भारतीय वन्यजीव न्यास या संस्थेने गुजरातचे वनखाते आणि टाटा केमिकल्स यांच्या साहाय्याने २००४ साली एक मोहीम काढली आणि त्यासाठी रामकथाकार मोरारी बापूंना साकडे घातले.

बापूंनी काय करावे? त्यांनी कायद्याचे कलम वाचून दाखवले नाही. हा मासा दूर समुद्रातून आपल्या किनाऱ्याला येतो, तो बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या लेकीसारखा येतो, असे त्यांनी लोकांना सांगितले. माहेरी आलेल्या लेकीला कोणी मारते का? त्या माशाला नवे नाव मिळाले, 'व्हाली'. व्हाली म्हणजे लाडकी. जो कालपर्यंत 'बॅरल' होता तो आज लाडकी लेक झाला.

हे वाचताना मी क्षणभर थांबलो. दोन वर्षांपूर्वी आमची मुलगी पुण्याहून पहिल्या बाळंतपणासाठी इंदुरास आली होती. रेल्वे स्टेशनवर डब्याच्या दारात ती हात कमरेवर ठेवून उभी होती. तिला उतरवून घेताना माझ्यासारख्या कोरड्या माणसाच्या पोटात जे कालवले, ते मला कुठल्या पुस्तकातून शिकवावे लागले नव्हते. ते प्रत्येक बापाच्या पोटात आधीपासून असतेच. बापूंनी केवळ त्याला हाक मारली. गुजरातेतला खारवा काय किंवा माळव्यातला मराठी मास्तर काय, माहेर या शब्दापुढे दोघेही सारखेच.

विज्ञानाची बाजूही पाहिली. हा मासा या किनाऱ्याजवळ येतो तो मुख्यतः भरपूर अन्न मिळते म्हणून. मात्र तो अंडी घालत नाही, पिल्ले देतो. १९९५ साली तैवानजवळ पकडलेल्या एका मादीच्या पोटात सुमारे तीनशे पिल्ले निघाली होती. आणि पुढे गुजरातच्या किनाऱ्यावर लहान पिल्लेही आढळली. बापूंचा दृष्टान्त अगदीच हवेतला नव्हता.

मोहिमेने गावोगाव पथनाट्ये केली, चाळीस फुटी फुगवलेला व्हेल शार्क चौकाचौकांत नेला. पोरबंदर, वेरावळ, ओखा अशा गावांनी व्हालीला आपले मानचिन्ह केले. पण मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती पुढची गोष्ट. जाळ्यात चुकून व्हेल शार्क सापडला तर जाळे कापल्याखेरीज तो सुटत नाही, आणि जाळे म्हणजे कोळ्याचे बैल, नांगर, शेत सगळे काही. म्हणून जाळे कापून मासा सोडणाऱ्यास पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची व्यवस्था झाली. आरंभी वनाधिकारी येऊन पाहणी करीपर्यंत मासा तसाच अडकून राही. मग कोळ्यांच्याच हाती कॅमेरे दिले. त्यांनी छायाचित्र घ्यावे आणि लगेच जाळे कापावे. अधिकाऱ्याची वाट पाहणे गेले. अशा रीतीने आजवर सातशेहून अधिक व्हेल शार्क सोडवले गेले. ज्या हातांनी आकडे रुतवले त्याच हातांनी जाळी कापली. महाराष्ट्र शासनानेही डिसेंबर २०१८ मध्ये संरक्षित सागरी जीवांसाठी अशीच भरपाईची योजना सुरू केली.

गुरुवारी तो मुलगा शाळेत आला. आजोबांना ताप होता म्हणून घरी राहिलो, म्हणाला. मी नववीचा तास मागून घेतला आणि वर्गात गेल्याबरोबर म्हणालो, "शनिवार को एक सवाल आया था. मैंने उसका जवाब नहीं दिया था, टाल दिया था. मुझे मालूम नहीं था." मुले चकित होऊन एकमेकांकडे पाहू लागली. मुख्याध्यापकाला मालूम नसते, ही बातमी त्यांना व्हेल शार्कपेक्षाही मोठी वाटली असावी.

मग मी वर लिहिलेली सर्व हकीकत सांगितली. आणि उरलेले अर्धेही सांगितले, कारण अर्धे सांगून टाळ्या घेण्याचा मला आता कंटाळा आला होता. एक व्हेल शार्क वाचला म्हणून समुद्र वाचला असे होत नाही. शार्कच्या जाती पाचशेहून अधिक, आपल्या कोकणात ज्यांना मुशी, मोरी म्हणतात ते याच कुळातले. मालवणकडे मोरीचे मटण आवडीने खातात. बाळंतिणीला दूध यावे म्हणून मुशीचे कालवण देण्याचीही किनाऱ्यावर रीत आहे. घरच्या चुलीपुरते जोवर होते तोवर समुद्राला ते जड गेले नाही. परंतु यांत्रिक ट्रॉलर आले, बारीक घराची जाळी आली, आणि परदेशात शार्कच्या परांच्या सारासाठी पैशांचा पाऊस पडू लागला. पर कापून घेऊन उरलेला मासा समुद्रात फेकून देण्याचे क्रौर्य आपल्याकडे २०१३ साली निषिद्ध झाले, आणि २०१५ साली परांची निर्यातच बंद झाली. तरी एक शास्त्रीय अभ्यास २०२१ मध्ये असे सांगतो की १९७० पासूनच्या अर्धशतकात खुल्या महासागरातील शार्क आणि पाकट यांची संख्या एकाहत्तर टक्क्यांनी घटली. बांगडा किंवा तारली हजारो अंडी घालते आणि वर्षा-दोन वर्षांत पुन्हा भरून येते. शार्कचे तसे नाही. कित्येक जातींना वयात येण्यासच दहा-पंधरा वर्षे लागतात, व्हेल शार्कला तर पंचवीस-तीस, आणि बहुतेकांना पिल्ले होतात ती मोजकीच. त्यामुळे काढण्याचा वेग आणि भरण्याचा वेग यांचा मेळच बसत नाही.

एका मुलीने विचारले, "पर सर, शार्क तो आदमी को खाती है ना?" मला माझ्या तरुणपणी व्हिडिओवर पाहिलेला 'जॉज' आठवला. १९७५ साली निघालेल्या त्या चित्रपटाने साऱ्या जगाला शार्कची अशी धास्ती घातली की आजही ती उतरत नाही. वास्तविक जगभरात शार्कमुळे वर्षाला मरणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि माणसामुळे मरणारे शार्क कोट्यवधी. ज्यांच्या कादंबरीवरून तो चित्रपट निघाला त्या पीटर बेंचली यांना पुढे याचा फार पश्चात्ताप झाला, आणि उरलेले आयुष्य त्यांनी शार्कच्या रक्षणासाठी प्रचार करण्यात घालवले. एका चित्रपटाने भय पेरले, दुसऱ्याने कणव. पण कणवेनंतर भाकरीचा प्रश्न येतो, तो कोणाला तरी विचारावा लागतो. आमच्या वर्गात तो मागच्या बाकाने विचारला.

असो. पंधरा दिवसांनी त्या मुलाचे आजोबा शाळेत आले. धाकट्या नातीचा दाखला हवा होता. उंच, वाळलेला, डोक्याला पंचा गुंडाळलेला म्हातारा दाराशीच उभा राहिला. मी खुर्ची दिली तर ती सरकवून तिच्या कडेला टेकला. दाखल्यावर सही करता करता मी नर्मदेचा विषय काढला. महाशीर म्हणताच त्याला कळले नाही. मी वर्णन केले तेव्हा म्हणाला, "बाड़स कहते हैं हम. अब कहाँ!" मग आपणहून सांगू लागला. चौमासात जाळे टाकायचे नाही, ही त्याच्या बापाची शिकवण. "उन दिनों मछली पेट से रहती है, मास्टरसाब. उसे नहीं छेड़ते."

शासनाच्या नियमाप्रमाणेही १६ जून ते १५ ऑगस्ट आपल्या राज्यात मासेमारी बंद असते, आणि पश्चिम किनाऱ्यावरही पावसाळ्यात बंदी असते. कोळी बांधव नारळी पौर्णिमेनंतर होड्या दर्यात लोटतात ते याच शहाणपणाने. वेरावळच्या लोकांना जे बापूंनी सांगितले ते या म्हाताऱ्याला त्याच्या बापाने सांगितले होते. मी त्याला व्हालीची आणि कापलेल्या जाळ्यांच्या भरपाईची गोष्ट सांगितली. तो लक्षपूर्वक ऐकत होता. शेवटी म्हणाला, "जाल का पैसा मिला? चलो, अच्छा हुआ." स्वतःविषयी काही बोलला नाही. मीही विचारले नाही.

उठता उठता कळले की त्याचे एक जाळे अद्याप त्याच्या इंदूरच्या खोलीत खुंटीला टांगलेले आहे.

"यहाँ किस काम का, बाबा?"

"काम का तो नहीं. जाल है, फेंका थोड़े ही जाता है."

मी त्याला ते घेऊन एका शनिवारी शाळेत येण्याची विनंती केली. तो येईल असे वाटले नव्हते. पण आला. व्हरांड्यात पोत्यावर बसून त्याने जाळे पसरले, फाटलेल्या जागी दोरा ओवून गाठी मारून दाखवल्या. मुले भोवती गोळा झाली. नातू त्याच्या शेजारी, आजोबाचे निमाडी शब्द हिंदीत करून सांगत होता. जो मुलगा वर्षभर प्रश्नाशिवाय बोलला नव्हता, तो त्या दिवशी अर्धा तास बोलत होता. एका मुलाने विचारले, जाळ्याची घरे एवढी मोठी का, यातून तर मासे निसटतील. म्हाताऱ्याने दोन बोटे एका घरातून आरपार घातली आणि म्हणाला, "छोटी को निकलना ही चाहिए. इसीलिए तो रखी है." विज्ञानाच्या बाईंनी पट्टी आणून मुलांना ते घर मोजायला लावले. कोणी वहीत आकृती काढली, कोणी लांबी-रुंदी लिहून घेतली. अतिमासेमारी म्हणजे काय, हे मी त्या आठवड्यात फळ्यावर पाऊण तास समजावले होते. म्हाताऱ्याने ते दोन बोटांत सांगितले.

आमच्या घरच्या नळाला जे पाणी येते ते नर्मदेचे. १९७८ साली ते प्रथम इंदुरास आले तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून पठार चढवून ते आणतात. त्यातले थोडे आम्ही पितो, उरलेली नदी पुढे धरणे ओलांडून भडोचपाशी खंबातच्या आखातात जाते, आणि तेथून अरबी समुद्रात, जेथे सौराष्ट्राच्या किनाऱ्याला ती ठिपक्यांची माहेरवाशीण येते. समुद्राचा आणि आमचा संबंध काय, असे मी आरंभी लिहिले. इतकी वर्षे तो रोज तांब्यातून पीत आलो होतो, एवढेच ध्यानात आले नव्हते.

त्या शनिवारी शाळा सुटण्याची वेळ होऊन गेली तरी मुले उठेनात. शिपाई घंटेपाशी उभा राहून माझ्याकडे पाहत होता. मी त्याला हातानेच थांबण्याची खूण केली.